अंगण वाकडं की नाचणाराच कच्चा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये २०१८ च्या ड्राफ्टला (कॉलेजच्या खेळाडूंची वार्षिक निवड) न्यू यॉर्क जेट्सनी सॅम डार्नॉल्ड या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या आणि चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. तीन वर्षं तो रडतखडत खेळला, मग कॅरोलायनातही जमलं नाही आणि २०२४ मध्ये मिनेसोटात त्याच माणसाने १४ सामने जिंकून दिले. पुढे सिअ‍ॅटलकडून लीगचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोलही जिंकला. मग चुकलं कोण, पारखणारे स्काउट की जेट्स? नवा पोरगा बघताना आपण नेमकं काय बघायचं? आणि तुमचा भाचा शाळेच्या संघात क्वार्टरबॅक खेळतो, त्याला कॉलेज निवडताना यातलं काही उपयोगी पडेल का?

मी न्यू जर्सीतल्या एका हायस्कूल संघात क्वार्टरबॅकना शिकवतो आणि बरीच वर्षं सामन्यांची फिल्म बघतोय, त्या बळावर सांगतो. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ असं म्हणायची घाई या खेळात फार होते. पण उलटही तितकंच घडतं. अंगण खरोखर वाकडं असतं आणि सगळे नाचणाऱ्याच्या पायांकडे बघत बसतात. क्वार्टरबॅकच्या काही गोष्टी तो जाईल तिथे त्याच्याबरोबर जातात आणि काही त्याला ऑफेन्स, म्हणजे संघाची चढाईची रचना आणि तिथली माणसं, पुरवतो. ही वाटणी नीट केली की डार्नॉल्डचं कोडं बरंचसं सुटतं. पूर्ण सुटत नाही, त्याबद्दल पुढे बोलू.

आधी कॉलेजच्या खेळाबद्दल, कारण निम्मी फसवणूक तिथेच होते. कॉलेजचं मैदान आणि एनएफएलचं मैदान लांबी-रुंदीला सारखंच, पण चेंडू कुठे ठेवायचा त्या हॅश मार्कच्या दोन ओळी कॉलेजात एकमेकींपासून ४० फूट लांब असतात, एनएफएलमध्ये फक्त १८ फूट ६ इंच. म्हणजे कॉलेजात प्रत्येक दुसरा-तिसरा प्ले (एकेक चाल) मैदानाच्या एका कडेला सुरू होतो आणि दुसऱ्या बाजूला भलं मोठं रान मोकळं पडतं. कोच तीन रिसीव्हर (पास झेलणारे) त्या मोकळ्या बाजूला लावतो, डिफेन्स विरळ होतो आणि क्वार्टरबॅकला अर्धंच मैदान वाचावं लागतं. एनएफएलमध्ये चेंडू जवळजवळ मधोमध असतो, ते रान गायब होतं. एक गोष्ट मात्र कॉलेजातच चांगली दिसते. दूरच्या साइडलाइनला मारलेला आउट (बाहेर वळणाऱ्या रिसीव्हरला दिलेला पास) तिथे खरोखर लांब असतो. तो पास वेळेवर आणि सरळ रेषेत पोचला तर हातात ताकद आहे, वेगळी परीक्षा घ्यायला नको.

दुसरा फरक आरपीओचा, म्हणजे रन-पास ऑप्शनचा. त्यात लाइनमन (पुढच्या फळीत अडवणारे) रन ब्लॉक करत पुढे सरकतात आणि क्वार्टरबॅक एका लाइनबॅकरकडे (डिफेन्सच्या मधल्या फळीतला) बघून ठरवतो, चेंडू पळणाऱ्या रनिंग बॅकला द्यायचा की फेकायचा. पास फेकायच्या आधी लाइनमनला कॉलेजात तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच यार्ड. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोन यार्ड म्हणजे क्वार्टरबॅकला मिळणारा जास्तीचा श्वास. तो एनएफएलमध्ये कापला जातो. म्हणून कुणाची कॉलेजची फिल्म आली की मी आधी स्क्रीन (लाइनजवळचे छोटे पास), आरपीओ आणि ठरवून पहिल्याच माणसाला दिलेले पास बाजूला काढतो. उरतं ते बघतो. कित्येकदा निम्मंही उरत नाही आणि सत्तर टक्के पास पूर्ण करणारा पोरगा एकदम साधा दिसायला लागतो.

तिसरी गोष्ट बोलण्याची. कित्येक कॉलेजांत हडल (गोल करून प्ले सांगणं) होतच नाही. साइडलाइनवरून पाट्या, चित्रं, हातवारे, सगळे तिकडे बघणार आणि प्ले सुरू. हेल्मेटमधला रेडिओ कॉलेजात २०२४ पासून आला. अशा मुलाला एनएफएलमध्ये पहिल्या दिवशी कानात एक लांबलचक वाक्य ऐकू येतं: फॉर्मेशन (कोण कुठे उभा), मोशन (आधी कोण सरकणार), प्रोटेक्शन (कुणी कुणाला अडवायचं), रूट (कोण कुठे पळणार), शिवाय ‘हे दिसलं तर ते’ असा दुसरा प्ले. ते जसंच्या तसं दहा जणांना सांगायचं, डिफेन्स बघायचा, प्रोटेक्शन बदलायचं. आणि प्ले क्लॉकवर (प्ले सुरू करायच्या मुदतीचं घड्याळ) १५ सेकंद उरले की कोचचा आवाज बंद.

जॅरेड गॉफ याचं ठळक उदाहरण. कॅलमध्ये (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) तो एअर रेड खेळला, म्हणजे सगळं शॉटगनमधून (क्वार्टरबॅक लाइनपासून काही यार्ड मागे उभा), पसरलेले रिसीव्हर, वेगवान. २०१६ मध्ये रॅम्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या मोसमात त्याने सात सामने सुरू केले, सातही हरले. वर्तमानपत्रांनी त्याला निकालात काढलं होतं. २०१७ ला मुख्य कोच म्हणून शॉन मॅकव्हे आला, प्ले-अ‍ॅक्शन (रनची बतावणी करून पास) आलं, प्रत्येक फॉर्मेशन सारखंच दिसेल अशी मांडणी आली. रॅम्स झटपट रांगेत येऊन उभे राहायचे, त्यामुळे रेडिओ चालू असतानाच डिफेन्स दिसायचा आणि मॅकव्हे कानात बोलत राहायचा. त्या वर्षी गॉफचे २८ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) आणि ७ इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास). पुढच्या मोसमात सुपर बोल. पण त्या सुपर बोलमध्ये रॅम्सचे गुण तीन. वर्षभर मॅन कव्हरेजवर (एकाने एकाला धरणं) भर देणाऱ्या पेट्रियट्सनी त्या रात्री झोन (प्रत्येकाने आपापला भाग राखणं) जास्त वापरला, लाइनवर माणसं वाढवून रन बंद केला आणि ऑफेन्सने आयतं दिलेलं उत्तर चुकीचं ठरल्यावर गॉफकडे दुसरं तयार नव्हतं. दोन वर्षांनी त्याची डेट्रॉइटला रवानगी झाली. तिथे ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर (ऑफेन्स आखणारा कोच) बेन जॉन्सनबरोबर तो पुन्हा फुलला, २०२४ मध्ये डेट्रॉइट लायन्स १५-२, म्हणजे पंधरा जय, दोन हार. तेव्हा गॉफ चांगला की वाईट? चांगला आहे, पण त्याला रचना भक्कम लागते आणि समोरून घुसणारा दबाव त्याला सोसत नाही. हे २०१६ लाही खरं होतं, आजही आहे. यालाच मी ‘बरोबर जाणारी गोष्ट’ म्हणतो.

आता एक प्ले जवळून बघू, म्हणजे फिल्मवर काय शोधायचं ते कळेल. तिसरा डाउन (दहा यार्डांसाठीच्या चारपैकी तिसरा प्रयत्न), सात यार्ड हवेत, क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये. डावीकडच्या दोन रिसीव्हरपैकी आतला सरळ खोल धावतो, त्याचं काम सेफ्टीला (डिफेन्सचा सगळ्यात मागचा खेळाडू) मागे ओढणं. बाहेरचा पंधराएक यार्ड जाऊन आत वळतो, मुख्य पास त्याला. टाइट एंड (लाइनला लागून उभा राहणारा धिप्पाड रिसीव्हर) खाली उथळ आडवा पळतो, लाइनबॅकरला पुढे खेचायला. याला डॅगर म्हणतात, जवळजवळ प्रत्येक संघाकडे असतो. स्नॅपआधी, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅककडे येण्याआधी, दोन्ही सेफ्टी मागे खोल उभे आहेत, म्हणजे डॅगरला झकास परिस्थिती. चेंडू हातात येतो आणि उजवीकडचा सेफ्टी एकदम पुढे मधोमध धावत सुटतो, नेमका तिथे जिथे बाहेरचा रिसीव्हर वळून येणार आहे.

इथे मुलांच्या तीन जाती दिसतात. पहिल्याला तो सेफ्टी दिसतच नाही. स्नॅपआधी जे ठरवलं तेच तो फेकतो. इंटरसेप्शन होतं, किंवा सेफ्टीच्या हातून चेंडू निसटतो आणि आकडेवारीत ‘अपूर्ण पास’ एवढीच नोंद राहते. दुसऱ्याला दिसतं, पण दिसल्यावर तो थिजतो. चेंडूवर डाव्या हाताने थाप मारतो, पाय जमिनीत रुततात, पुन्हा त्याच रिसीव्हरकडे बघतो, तेवढ्यात मागून कुणीतरी येऊन आडवा करतो. तिसरा मागचा पाय टेकेपर्यंतच समजून चुकलेला असतो. तो डॅगरकडे खांदाही वळवत नाही, कमरेतून फिरून टाइट एंडला पाच यार्डांवर चेंडू देतो, टाइट एंड आणखी तीन यार्ड काढतो, फर्स्ट डाउन. टीव्हीवर समालोचक याबद्दल चकार शब्द काढत नाही. माझ्या वहीत मात्र त्याला सगळ्यात मोठी खूण.

(चौथी जात म्हणजे पॅट्रिक महोम्स. तो हे सगळं बघून उजवीकडे पळतो आणि आडव्या हाताने चाळीस यार्डांवर कुणाला तरी शोधतो. त्याला मोजपट्टी धरू नका, पोरं बिघडतात. आणि हेही ध्यानात ठेवा की २०१७ मध्ये दहाव्या क्रमांकावर आल्यावर तो अख्खं वर्ष अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसला, फक्त शेवटचा सामना खेळला. ५० टचडाउन आणि एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) हा किताब पुढच्या वर्षी.)

हे सगळं बघायला ऑल-२२ फिल्म लागते, ज्यात मैदानावरचे बावीसही खेळाडू एकदम दिसतात. एनएफएलच्या सशुल्क सेवेत ती मिळते. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, सेफ्टी चौकटीबाहेरच असतात, मग आपण फक्त शेवट बघतो. आणि फिल्म बघताना हाताकडे नका बघू, पायांकडे बघा. क्वार्टरबॅक घाबरला की आधी पाय बोलतात. गरज नसताना मागे सरकणं, खिडकी उघडी असताना एक जास्तीची उडी, टाचा टेकलेल्या. हात शेवटपर्यंत छान दिसत राहतो.

दबावातलं वागणं ही बरोबर जाणारी सगळ्यात पक्की गोष्ट. क्वार्टरबॅकवर दबाव आला अशा प्लेंपैकी किती वेळा तो सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडला गेला, हे प्रमाण बघा. साधारण पाचांत एक हे ठीक. त्याहून बरंच जास्त असेल तर लाइनला शिव्या घालण्याआधी पोराकडे बघावं, कारण दबाव लाइनमुळे येतो पण सॅक बऱ्याचदा क्वार्टरबॅक स्वतः ओढवून घेतो. कॉलेजात चेंडू धरून बसायची सवय असलेला मुलगा एनएफएलमध्येही बसतो. केलेब विल्यम्सबद्दल यूएससीत (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) असतानाच हे बोललं जायचं आणि २०२४ मध्ये शिकागोत तो ६८ वेळा सॅक झाला. अर्थात ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. पुढच्या वर्षी बेन जॉन्सन मुख्य कोच म्हणून आला, लाइनमध्ये नवी माणसं आली, आणि सॅक निम्म्याच्याही खाली गेले. म्हणजे सवय मोडता येते. पण मोडायला माणूस लागतो, आणि मोडून घेणारा मुलगाही लागतो.

पास पूर्ण करण्याची टक्केवारी मात्र ऑफेन्सच्या घरची वस्तू. एकाच मुलाला दोन ऑफेन्समध्ये दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. इथे लोक जॉश अ‍ॅलनचं नाव काढतात. वायोमिंगमध्ये त्याचे ५६.२ टक्के. बफेलोत पहिल्या वर्षी ५२.८, दुसऱ्या वर्षी ५८.८, तिसऱ्या वर्षी ६९.२. अचूकता शिकवता येत नाही असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांची पंचाईत झाली. पण त्या मधल्या काळात काय काय झालं ते बघा. ब्रायन डेबॉल हा एकच ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर सलग चार वर्षं. कमरेच्या आणि पायांच्या हालचालीवर दर सुट्टीत काम. आणि मार्च २०२० मध्ये स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर संघात. हे तिन्ही एकत्र येणं दुर्मीळ. शिवाय वायोमिंगच्या फिल्मवर अ‍ॅलनचे चुकलेले पास कसे चुकायचे? बरेचसे पाय नीट न बसल्यामुळे, बघितलेलं चुकीचं होतं म्हणून नव्हे. हा फरक मोठा आहे. पाय दुरुस्त होतात. चुकीचं बघणं दुरुस्त व्हायला फार वेळ लागतो, कित्येकांचं होतच नाही. त्यामुळे ‘हा पुढचा जॉश अ‍ॅलन’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, त्याचे पास चुकतात ते पायांमुळे की डोळ्यांमुळे?

मोजमापांवर फार वेळ घालवू नका. इंडियानापोलिसला दर वर्षी कंबाइन (ड्राफ्टआधीची खेळाडूंची तपासणी) होते, तिथे हाताचा पंजा मोजतात. जो बरोचा नऊ इंच भरला म्हणून २०२० मध्ये चर्चा रंगली, बरोने स्वतःच त्यावर विनोद केला, नंतरचं आपण बघितलंच. लेखी बुद्धिचाचणी कंबाइनमधून २०२२ ला काढून टाकली. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडचे दुसऱ्या एका आकलन चाचणीतले कमी गुण बाहेर फुटले आणि लोकांनी त्याच्या मेंदूवर निबंध लिहिले. त्याच वर्षी ह्यूस्टनकडून त्याने ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन आणि फक्त ५ इंटरसेप्शन केले. उंची थोडी महत्त्वाची आहे, कारण बुटक्या क्वार्टरबॅकला लाइनच्या मधून दिसायला पॉकेट (लाइनमननी त्याच्याभोवती केलेला आडोसा) सरकवावं लागतं आणि मग ऑफेन्सही त्याप्रमाणे आखावा लागतो. एवढंच.

किती सामने सुरू केले हे मात्र मी नेहमी बघतो. ट्रुबिस्कीचे नॉर्थ कॅरोलायनात १३. ट्रे लान्सचे नॉर्थ डकोटा स्टेटला १७, आणि कॉलेजभरात एकूण ३१८ पास. उलट बो निक्सचे ६१, ब्रॉक पर्डीचे आयोवा स्टेटला ४६. जास्त सामने खेळला म्हणजे चांगला असं नाही, पण तो कसा आहे ते आपल्याला ठाऊक असतं. एक इंटरसेप्शन झाल्यावर पुढच्या ड्राइव्हला तो काय करतो, पावसात काय करतो, मुख्य रिसीव्हर जखमी झाल्यावर काय करतो. १७ सामन्यांत, तेही बलाढ्य संघात, हे प्रसंग येतच नाहीत.

लान्स आणि पर्डी हे प्रकरण तर जोडीने अभ्यासावं असं आहे, कारण अंगण एकच, नाचणारे दोन. सॅन फ्रान्सिस्कोचा मुख्य कोच काइल शॅनहन, त्याचा ऑफेन्स. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर येण्यासाठी त्या वर्षीची आणि पुढच्या दोन वर्षांची पहिल्या फेरीची निवड मोजली आणि लान्सला घेतलं. हात जबरदस्त, पाय वेगवान. पण शॅनहनचा ऑफेन्स क्वार्टरबॅकला सतत एकच गोष्ट विचारतो: रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू सोडशील का? मैदानाच्या मधोमध, लाइनबॅकरच्या मागे आणि सेफ्टीच्या पुढे, दीड-दोन यार्डांची जागा असते आणि ती क्षणभरच उघडी राहते. शिवाय प्ले-अ‍ॅक्शनमध्ये सेंटरच्या (चेंडू मागे देणारा मधला लाइनमन) मागून चेंडू घेऊन डिफेन्सकडे चक्क पाठ करायची, रनची बतावणी करायची, मग वळून एका नजरेत हुडकायचं की लाइनबॅकर फसला की नाही. जन्मभर शॉटगनमधून समोर बघत खेळलेल्या मुलाला ती पाठ फिरवणं आंधळेपणासारखं वाटतं. लान्सने तिथे दोन वर्षांत चार सामने सुरू केले, २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडला, पुढच्या वर्षी चौथ्या फेरीच्या निवडीच्या बदल्यात डॅलसला गेला. दुखापतीचा वाटा आहेच, तो नाकारणं अन्याय होईल. पण त्याच २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर आलेला पर्डी डिसेंबरात क्वार्टरबॅक जिमी गरोपोलो जखमी झाल्यावर मैदानात उतरला आणि पहिल्या आठवड्यापासून रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू सोडत होता. २०२३ मध्ये ४,२८० यार्ड आणि सुपर बोलपर्यंत मजल. आयोवा स्टेटच्या फिल्मवर हे दिसत होतं, त्याबरोबरच वेडगळ धाडसही दिसत होतं. हात साधारण म्हणून कुणी फार पुढे बघितलं नाही. पर्डी दुसऱ्या एखाद्या खोल फेकणाऱ्या, पॉकेटमध्ये उभं राहून वाट बघायला लावणाऱ्या ऑफेन्समध्ये गेला असता तर त्याचं नावही तुम्हाला ठाऊक नसतं, असं माझं मत. लान्सबद्दल उलटं म्हणायची माझी तयारी नाही.

उलट दिशेचं उदाहरण म्हणजे बॉल्टिमोर. लामार जॅक्सन २०१८ मध्ये ३२ व्या क्रमांकावर गेला, आणि एका नावाजलेल्या माजी जनरल मॅनेजरने तर त्याने रिसीव्हर व्हावं असं जाहीरपणे म्हटलं होतं. बॉल्टिमोर रेव्हन्सनी मुलाला ऑफेन्समध्ये कोंबलं नाही. २०१९ ला ग्रेग रोमनला को-ऑर्डिनेटर केलं, तीन-तीन टाइट एंड लावले, फुलबॅक (रनसाठी पुढे वाट काढणारा) म्हणून पॅट्रिक रिकार्ड नावाचा डिफेन्सिव्ह लाइनमन उभा केला. जगभर रिसीव्हर पसरवायची फॅशन असताना यांनी माणसं आत गोळा केली. त्यामुळे समोर जड लाइनबॅकर यायचे आणि लामार पळणार की फेकणार या पेचात मधलं मैदान मोकळं पडायचं. संघाने त्या मोसमात ३,२९६ यार्ड रन काढले, एनएफएलचा विक्रम. लामारचे ३६ टचडाउन पास, १,२०६ यार्ड धाव, एकमताने एमव्हीपी. पण यातली किंमतही बघा. असं घर बांधलं की त्यात दुसरा क्वार्टरबॅक राहू शकत नाही. आणि संघ मागे पडला, पास फेकतच सामना काढायचा झाला, की ते अडखळतं. म्हणून २०२३ ला टॉड मंकनला आणून घराची पुनर्बांधणी केली, लामारला दुसरा एमव्हीपी मिळाला. मुलगा वाढला, ऑफेन्सही वाढवला. बहुतेक संघ दोन्हींपैकी एकच करतात.

एक बारीक गोष्ट जाता जाता. टुआ टॅगोव्हायलोआ डावखुरा आहे. डावखुऱ्याची न दिसणारी बाजू उजवी, त्यामुळे उजवा टॅकल (लाइनच्या उजव्या टोकाचा खेळाडू) सगळ्यात महत्त्वाचा होतो, बूट-अ‍ॅक्शनचे (रनची बतावणी करून क्वार्टरबॅक कडेला पळतो ते) प्ले उलटे बसवावे लागतात, रिसीव्हरला चेंडूची फिरकी वेगळी लागते. ऑफेन्सशी जुळणं म्हणजे फक्त प्लेबुक नाही, तर दहा माणसांच्या सवयीही आहेत, हे अशा वेळी कळतं.

आणि काळ. अ‍ॅलेक्स स्मिथ २००५ मध्ये पहिल्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोला गेला. यूटामध्ये अर्बन मायरच्या स्प्रेडमध्ये (रिसीव्हर पसरवून खेळायची पद्धत) वाढलेला, वय २०. मग मॅकार्थी, टर्नर, हॉस्लर, मार्ट्झ, रे, दर वर्षी नाहीतर दोन वर्षांनी नवा को-ऑर्डिनेटर, नवी भाषा. त्यात खांदा गेला. सहा वर्षांनी, २०११ मध्ये, मुख्य कोच म्हणून जिम हार्बॉ आला आणि संघ १३-३. त्याच २००५ च्या ड्राफ्टमध्ये २४ व्या क्रमांकापर्यंत घसरलेला अ‍ॅरन रॉजर्स तीन वर्षं ग्रीन बेमध्ये ब्रेट फार्व्हच्या मागे बसून शिकत होता. दोघांच्या गुणवत्तेत फरक होताच. पण एवढा, जेवढा २००८ ला वाटत होता? माझ्या मते नाही.

आता डार्नॉल्ड. स्काउटांनी २०१८ ला काय लिहिलं होतं? पळताना फेकायची देणगी, दबावात न डगमगणारा चेहरा, आणि चेंडू सांभाळण्यात ढिला. यूएससीतल्या शेवटच्या वर्षी १३ इंटरसेप्शन. एनएफएलमधला त्याचा पहिलाच पास आठवतो? डेट्रॉइटमध्ये, उजवीकडे पळत त्याने मैदानाच्या आरपार डावीकडे फेकला, क्वांड्रे डिग्जने तो उचलून टचडाउन केला. स्काउटांचा अहवाल एका पासमध्ये. म्हणजे पारख चुकली नव्हती. चुकलं ते पुढे. २१ वर्षांचा मुलगा पहिल्या दिवसापासून मैदानात, दुसऱ्या वर्षी मुख्य कोचही बदलला, लाइन गळकी, रिसीव्हर नावापुरते. ऑक्टोबर २०१९ मध्ये पेट्रियट्सविरुद्ध चार इंटरसेप्शन, ३३-० हार, आणि साइडलाइनवर तो ‘भुतं दिसतायत’ म्हणाला ते सगळ्या देशाने ऐकलं. पेट्रियट्सनी त्या रात्री सगळे पुढे येऊन ब्लिट्झचा (क्वार्टरबॅकवर जास्तीच्या माणसांचा हल्ला) देखावा केला आणि मग निम्मे मागे फिरले, हे वाचायला शिकवणारा जवळ कुणी नसेल तर भुतंच दिसणार.

मग वळण कुठे आलं? बहुतेक लोक मिनेसोटा म्हणतात, तिथला रिसीव्हर जस्टिन जेफरसन आणि मुख्य कोच केविन ओकॉनेल म्हणतात. मी एक वर्ष मागे जातो. २०२३ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत पर्डीच्या मागे बसला होता. शॅनहनचा ऑफेन्स. ओकॉनेल हा मॅकव्हेचा माणूस, आणि मॅकव्हे वॉशिंग्टनमध्ये शॅनहन पितापुत्रांच्या हाताखाली घडलेला. सिअ‍ॅटलचा २०२५ मधला को-ऑर्डिनेटर क्लिंट कुबियाक २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच पासिंग गेमचा कोच होता. म्हणजे तीन शहरं, तीन जर्सी, पण सलग तीन वर्षं एकाच घराण्याची भाषा. तेच प्ले-अ‍ॅक्शन, तीच मधली खिडकी, पळतानाचे तेच बूट. त्याच्या देणगीला साजेसं. जेट्समध्ये त्याला हे सातत्य कधी मिळालंच नाही.

बरोबर जाणारी गोष्ट तरी गेली का? नाही. २०२४ च्या मोसमात ३५ टचडाउन आणि ४,३१९ यार्ड काढूनही प्लेऑफमध्ये रॅम्सविरुद्ध तो नऊ वेळा सॅक झाला, त्यातले काही निव्वळ चेंडू धरून बसल्यामुळे. मिनेसोटाने त्याला सोडलं ते काही वेडेपणाने नव्हे. त्यांनी तोच अहवाल वाचला जो २०१८ ला लिहिला होता. सिअ‍ॅटलने तोच अहवाल वाचून ठरवलं की बळकट डिफेन्स आणि रन असेल तर एवढी उणीव चालून जाईल. आणि चालली. कोडं पूर्ण सुटत नाही असं मी म्हटलं ते इथे. दोन समंजस संघांनी एकच फिल्म बघून दोन उलट निर्णय घेतले आणि दोघांनाही कारणं होती.

तेव्हा यंदा जेट्स किंवा जायंट्स ज्या पोराला खेळवतील त्याला बघताना पहिले चार-सहा आठवडे टक्केवारी, जय-पराजय विसरा. तिसऱ्या डाउनचे प्ले घ्या, फक्त तेवढेच. चेंडू कुठे गेला ते न बघता तो कधी सुटला ते बघा. एकाच फसवणुकीला तो दोनदा बळी पडतो का ते बघा. पहिल्यांदा पडणारच, पण चार आठवड्यांनी दुसऱ्या संघाने तेच दाखवलं तर? आणि कोचकडेही बघा. मुलगा अडखळल्यावर पुढच्या रविवारी प्ले बदललेत का? बदलत नसतील तर मुलाबद्दल मत बनवायला थांबा.

तुमच्या भाच्याबद्दल. मुलगा दहावी-अकरावीतला असेल तर कॉलेजच्या कोचला भेटल्यावर त्याने तीन गोष्टी विचाराव्यात, आणि त्या त्यानेच विचाराव्यात, मामाने नव्हे. प्रोटेक्शन कोण बदलतं, क्वार्टरबॅक की सेंटर की साइडलाइन? प्ले-अ‍ॅक्शन सेंटरच्या मागून किती खेळता? आणि गेल्या चार वर्षांत को-ऑर्डिनेटर किती बदलले? तिसऱ्याचं उत्तर कोच हसून टाळतो, पण ते संघाच्या संकेतस्थळावर जुन्या वर्षांच्या कोचिंग स्टाफच्या याद्यांत मिळतं. स्टेडियम आणि लॉकर रूम शेवटी दाखवतीलच. ते बघायच्या आधी त्याने क्वार्टरबॅकच्या मीटिंगमध्ये तासभर मागे बसायची परवानगी मागावी. फळ्यासमोर कोण बोलतं, कोच की मुलं, तेवढं बघून यावं. त्याची अलीकडची फिल्म असेल तर पाठवा, मात्र हायलाइट नको. सगळ्यात वाईट गेलेला एक पूर्ण सामना पाठवा.